कऱ्हाकाठी की भीमाकाठी?

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता साधारण पन्नास किलोमीटरचा आहे. एस.टी.ने दीड तासाच्या आतबाहेर लागतो. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने जाते आणि तिला हेच अंतर कापायला तीन-चार दिवस लागतात. बारामतीचा मुक्काम आटोपला की काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण, पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. वारकरी प्रत्येक गावी एक रात्र राहतो आणि पहाटे उठून चालू लागतो. कुठे राहावे हा प्रश्न त्याच्यापुढे कधी नसतो. या वाटेवर कायमचे राहणाऱ्या घरांत मात्र तो प्रश्न गेली काही वर्षे जेवणाच्या ताटाशी येऊन बसलेला असतो. इंदापूर तालुक्यातील आपल्या जुन्या घरात राहावे, की कर्ज काढून बारामतीत सदनिका घ्यावी?

या प्रश्नाची चर्चा सहसा पैशाच्या भाषेत होते. तो तितकाच आरोग्याचाही आहे. घर बदलले की झोप, चालणे, शेजार, उन्हाळा, दवाखान्याचे अंतर आणि मनावरचा भार हे सगळेच बदलते. म्हणून ही पन्नास किलोमीटरची वाट त्याच दृष्टीने पाहू या.

कऱ्हाकाठचे आकर्षण

बारामती कऱ्हेच्या काठी वसलेली आहे. तालुका पर्जन्यछायेतला, पावसाला पारखा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या जमिनीत ऊस उभा राहिला. उसामागून साखर कारखाने आले, कारखान्यांमागून शाळा-महाविद्यालये आली. विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ सालची. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली. २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज इंदापूरच्या घरातले मूल दहावी झाले की आईवडिलांची नजर बारामतीकडे वळते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची छाती दुखली की गाडीही बहुधा त्याच दिशेने वळते.

बारामतीकडे येणारी माणसे काही आजची नाहीत. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. ऐन तारुण्यात ते बारामतीला आले, नाईकांच्या आश्रयाला राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच त्यांचा देह पडला. काशीयात्रा करून आल्यावरही ते बारामतीलाच परतले. एकदा गाव बदलले आणि जन्मभर तिथे राहून हजारो आर्या रचल्या. स्थलांतर वाईट असते असे म्हणायला म्हणूनच जागा नाही. गाव बदलूनही माणूस खोल रुजू शकतो. मात्र मोरोपंतांना तिथे अन्नाचा आधार होता, कामाला मान होता आणि रोजच्या बैठकीची माणसे होती. नवे घर घेताना चार भिंतींबरोबर या तीन गोष्टीही मिळणार आहेत का, हे आपण क्वचितच विचारतो.

आमच्या घरातला प्रश्न

आमचे घर इंदापुरात आहे. मालोजीराजांच्या गढीच्या या गावात तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. पतीची नोकरी गावातच. लेक यंदा दहावी झाली, तिला विज्ञान शाखा हवी आहे. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, त्यांना रक्तदाब आणि गुडघेदुखी. बारामतीत दोन शयनगृहांची सदनिका घ्यावी असे घरात दोन वर्षे घोळत होते. कारणे तीन मांडली जात होती. लेकीचे शिक्षण, सासूबाईंचे उपचार, आणि तिसरे कारण कोणी उघड बोलत नव्हते, पण होते. आमच्या बरोबरीच्या चार घरांनी बारामतीत जागा घेतली होती.

सासूबाईंना विचारले तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "अगं, घर चांगलंच असंल. पर तिथं रात्री-अपरात्री दार वाजवायचं कुणाचं?"

हे वाक्य मी मनात ठेवून एका रविवारी बारामतीहून इंदापूरपर्यंत ठिकठिकाणी उतरत आले. परिचयाच्या घरी थांबत, घरे पाहत आणि माणसांना विचारत.

वाटेवरची घरे

काटेवाडी मागे टाकली की भवानीनगर येते. छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. गळिताच्या हंगामात इथे ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचट, बांबू आणि ताडपत्रीचे हे घर काही महिन्यांचे असते. पाण्याची सोय दूर, शौचाला आडोसा नाही, बाळंतीण आणि तान्हे मूल त्याच कोपीत. घर आणि आरोग्य यांचे नाते इतके उघडे दुसरीकडे कुठे दिसत नाही. दोन सदनिकांपैकी कोणती घ्यावी या विचाराने ज्याची झोप उडते त्याने एकदा या कोप्यांकडे पाहावे. आपला प्रश्न त्याने लहान होत नाही, पण आपण निवड करू शकतो हीच मोठी गोष्ट आहे, एवढे कळते.

पुढे जंक्शन नावाच्या गावावरून वालचंदनगरला वळण आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वसवलेली ही उद्योगनगरी. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत, शाळा आणि दवाखाना असे सगळे एकाच आवारात. अशा वसाहतीत वाढलेल्या माणसाला घराचा हप्ता ठाऊक नसतो. कामाची जागा चालत जाण्याच्या टप्प्यात असते आणि शेजारी म्हणजे कामावरचेच सहकारी. अडचण येते ती निवृत्तीला. पस्तीस वर्षे ज्या दारासमोर रांगोळी काढली ते दार सोडावे लागते आणि साठाव्या वर्षी नव्या गावात पहिल्यापासून ओळखी कराव्या लागतात. तिथल्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितले, "घर मिळालं हो, पण संध्याकाळ मिळाली नाही." संध्याकाळी पारावर बसायला चार माणसे असणे हे औषधाच्या यादीत येत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक नात्यांसाठी स्वतंत्र आयोग नेमला तो याच कारणाने. एकटेपणाचा धोका आता जगभर आरोग्याचा प्रश्न म्हणून मोजला जात आहे.

निमगाव केतकी आली की नागवेलीचे पानमळे दिसतात. वेलीला सावली लागते, आधार लागतो, आणि जागा बदलायची तर हात राखून बदलावी लागते. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथून इंदापूर जवळच.

पाण्याखालचे गाव

इंदापूरहून पुण्याच्या महामार्गावर निघाले की उजव्या हाताला उजनीचे पाणी साथ करू लागते. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे गेली. जुने पळसदेव त्यातलेच. पाणी फार खाली गेले की तिथले पुरातन मंदिर वर येते आणि लोक होडीने, कधी पायी, ते पाहायला जातात. पर्यटकांना त्यात गंमत वाटते. ज्यांचे गाव तिथे होते त्यांच्यातली वयस्कर माणसे मात्र कळसाकडे पाहत नाहीत. ती हात करून दाखवतात, इथे आमची विहीर, तिथे चावडी, त्या पलीकडे आमचा वाडा.

याच पाण्यावर भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ऋतू सरला की निघून जातात. जाणे आणि राहणे दोन्ही त्यांच्या हाती असते. धरणग्रस्तांच्या हाती ते नव्हते. आपल्या इच्छेने घर सोडणे आणि सोडावे लागणे यांत शरीराला आणि मनाला फार मोठा फरक पडतो. म्हणून घर बदलण्याचा निर्णय घरातल्या कर्त्या माणसाने एकट्याने घेऊन इतरांना कळवू नये. ज्या आजीला न विचारता हलवले जाते, तिच्यासाठी सदनिका कितीही सुंदर असली तरी ते विस्थापनच असते.

भार कशाचा?

अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची एक मोजपट्टी तयार केली. जोडीदाराचा मृत्यू हा सर्वांत मोठा आघात धरून त्याला १०० गुण दिले आणि इतर घटना त्या मानाने मोजल्या. त्यात घर बदलण्याला २० गुण आहेत, मुलांची शाळा बदलण्याला २०, मोठे गृहकर्ज डोक्यावर घेण्याला ३१ आणि आर्थिक स्थितीतील मोठ्या बदलाला ३८. ही पट्टी परक्या समाजातली आणि जुनी आहे, त्यामुळे आकडे शब्दशः घेऊ नयेत. तरी तिचा क्रम विचार करायला लावतो. सामान हलवण्यापेक्षा कर्जाचा भार जड आहे, आणि एकाच वर्षी घर, शाळा व आर्थिक स्थिती तिन्ही बदलली तर हे भार एकमेकांवर चढतात.

कर्जाचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. समजा ३० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये होतो आणि एकूण परतफेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास जाते. शिवाय खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क, एक टक्का, पण ३०,००० रुपयांहून अधिक नाही असे नोंदणी शुल्क, घरातले फर्निचर, आणि पुढे दरमहा देखभाल खर्च. बायकांच्या नावे घर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा.

आता आरोग्याचा प्रश्न. हा हप्ता गेल्यावर काय कापले जाणार? बहुतेक घरांत पहिल्यांदा फळे-दूध कमी होत नाही. कमी होते ते आईचे वार्षिक रक्ततपासणीचे पैसे, आरोग्य विम्याचा हप्ता, दातांचा दवाखाना आणि उन्हाळ्याची सुट्टी. मग जोडधंदा, जादा पाळी, उशिरा घरी येणे. ज्या घरासाठी माणूस राबतो त्या घरात तो फक्त झोपायला येतो, आणि हप्त्याच्या विचाराने ती झोपही पुरी होत नाही. मासिक उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हप्ता जात असेल आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, तर ते घर आज आपल्या प्रकृतीला मानवणारे नाही असे समजावे.

अंतराचा हिशेब

दुसऱ्या बाजूलाही तितकेच वजन आहे. छातीत कळ आली किंवा अर्धांगाचा झटका आला तर वेळ फार मोलाची असते. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता आले तर त्याचा उपयोग होतो. त्यात रुग्णवाहिका येणे, प्रवास आणि तपासणी हे सगळे बसवावे लागते. इंदापूरसारख्या गावातून हे शक्य आहे, पण चेहरा वाकडा होणे, हात गळणे, बोबडे बोलणे ही लक्षणे ओळखून तत्काळ १०८ ला दूरध्वनी करणारे कोणी घरात हवे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचे घर वाडीवस्तीवर, रस्त्यापासून आत असेल, तर त्यांनी गावठाणात तरी यावे.

आणि एक प्रसंग असा, की जिथे हलणेच शहाणपणाचे. घरात कोणाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागत असेल आणि ते बारामतीतच घ्यावे लागत असेल, तर जाऊन-येऊन दर खेपेस शंभर, म्हणजे आठवड्याला तीनशे किलोमीटरचा प्रवास होतो. चार तासांच्या उपचारानंतर थकलेल्या शरीराला तो दगदगीचा ठरतो. अशा घराने बारामतीत भाड्याने दोन खोल्या घ्याव्यात. उलट महिन्यातून एकदा रक्तदाब दाखवायचा असेल तर त्यासाठी गाव सोडण्याचे कारण नाही. राज्य परिवहनच्या गाड्यांत पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात जाता येते. सासूबाई या सवलतीवर इतक्या खूश आहेत की दवाखान्याचा दिवस त्यांना सहलीसारखा वाटतो.

नवे घर पाहायला जाताना

सदनिका पाहायला आपण सहसा हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी जातो. तेव्हा प्रत्येक घर चांगले दिसते. ती एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पाहावी. वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असतो, पश्चिमेची भिंत हाताला पोळते. या भागातला उन्हाळा चाळीस अंशांच्या आसपास जातो. वृद्ध आणि लहान मुले यांना तो आधी बाधतो. मग तेच घर रात्री दहा वाजता पाहावे. रस्त्याचा गोंगाट, मंगल कार्यालयाचा ध्वनिक्षेपक, पाण्याच्या मोटारीचा आवाज तेव्हा कळतो. उद्वाहक आहे का, आणि वीज गेल्यावर तो चालतो का? मे महिन्यात पाणी कुठून येते? दूध, भाजी, औषधाचे दुकान आणि बाग पायी जाण्याच्या टप्प्यात आहेत का? मोठ्या माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीचे चालणे आवश्यक मानले जाते. ज्या घरातून प्रत्येक कामासाठी दुचाकी काढावी लागते तिथे ही मिनिटे भरत नाहीत.

हीच परीक्षा जुन्या घराचीही घ्यावी. आठवणींनी भरलेले घर आरोग्यदायी असतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत दाटी, घरातील थंडी व उष्णता, पडण्या-लागण्याचे धोके आणि अपंग-वृद्धांना वावरण्याची सोय हे मुद्दे आहेत. आमचे घर या कसोट्यांवर उघडे पडले. न्हाणीघराची शहाबादी फरशी गुळगुळीत, शौचालय अंगणापलीकडे, पायऱ्या उंच, माजघरात दिवसाही अंधार, पत्र्याखालची खोली उन्हाळ्यात भट्टी. सासूबाई त्या घरात सुखी होत्या, पण सुरक्षित नव्हत्या.

निर्णय

मग आम्ही गरजेची मुदत आणि कर्जाची मुदत शेजारी शेजारी लिहिली. लेकीची बारामतीची गरज दोन वर्षांची. बारावीनंतर ती पुण्याला जाईल, कोल्हापूरला जाईल, की बारामतीतच राहील, हे आज कोणालाच ठाऊक नाही. दोन वर्षांच्या गरजेसाठी वीस वर्षांचे कर्ज हा मेळ बसत नव्हता. सासूबाईंची गरज रोजची होती. निसरडी नसलेली फरशी, जवळचे शौचालय, चालायला सपाट जागा आणि हाकेला येणारे माणूस. यांतल्या पहिल्या तीन गोष्टी दुरुस्तीने होण्यासारख्या होत्या. चौथी बारामतीत विकत मिळणार नव्हती. आणि तिसरे, न बोललेले कारण कागदावर लिहिल्याबरोबर आपोआप खोडले गेले.

लेकीची वसतिगृहात सोय केली. घरात न्हाणीघर आणि शौचालय एकत्र करून आत घेतले, खरबरीत फरशी घातली, भिंतीला धरायला दांडे बसवले, पत्र्यावर पांढरा रंग दिला, माजघराला झरोका काढला. हप्त्यापोटी जाणार होते त्यातले काही पैसे दरमहा वेगळे साठवतो. दोन वर्षांनी पुन्हा बसून हाच कागद काढायचा असे ठरले आहे. सासूबाईंची प्रकृती बदलली, पतीची बदली झाली, किंवा लेकीने बारामतीतच वैद्यकीय शिक्षण घ्यायचे ठरवले, तर उत्तर वेगळे येईल आणि ते मान्य करायला कोणाची हरकत नाही.

दुसऱ्या घराचे उत्तर वेगळे असू शकते. नोकरी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आणि रोज पहाटे इंदापूरहून दुचाकी, असे असेल तर तिकडे जाण्यातच पाठीचे, झोपेचे आणि जिवाचे रक्षण आहे. तरीही खरेदीपूर्वी सहा महिने तिथे भाड्याने राहून पाहावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक आजारपण तिथे काढले की घर आपल्याला मानवते का हे समजते. वारकऱ्यांच्या बोलीत मुक्काम आणि वास्तव्य हे वेगळे शब्द आहेत. पुष्कळ गरजा मुक्कामाच्या असतात. आपण त्यांच्यासाठी वास्तव्याची किंमत मोजतो.

ज्या घरी हा विचार चालू असेल त्यांनी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून, आजी-आजोबा आणि मुलांसह, चार ओळी लिहाव्यात. आपल्याला नेमके काय हवे आहे, ते किती वर्षांसाठी हवे आहे, आहे त्या घरात ते होते का, आणि हप्ता भरल्यावर आपल्या ताटातले, औषधातले आणि झोपेतले काय जाणार आहे. कागद एक रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तो पुन्हा वाचावा, आणि मगच बँकेची पायरी चढावी.